दुसऱ्या शनिवारची सभा

१ जानेवारी २०२५, बुधवार

बँकेची नवी डायरी मिळाली. कागद गेल्या वर्षीपेक्षा पातळ, पण रिटायर्ड माणसाला चालून जातो. यंदाचे संकल्प: रोज सकाळी फिरायला जाणे. चहात साखर अर्धा चमचा. गोपिकाशी वाद घालायचा नाही, बायको चूक असली तरी. आणि मधुसूदन सुभेदार या माणसाचा विचार करायचा नाही. या डायरीत त्याचं नाव येणार नाही.

वर आलं ते फक्त संकल्प नीट कळावा म्हणून. ते धरायचं नाही.

३ जानेवारी

थंडी फार. फिरणं उद्यापासून. साखर दीड चमचा, थंडीमुळे.

५ जानेवारी, रविवार

गोपिका भाजीसोबत बातमीही घेऊन आली. मधुभाऊंना लकवा मारला म्हणे. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. संक्रांतीआधी भेटून येऊ म्हणाली. मी म्हणालो, माझा काय संबंध? तर म्हणते, अवो, एका डब्यात जेवत होते तुमी दोघं, आन् आता म्हनता संबंध काय? मी वाद घातला नाही. संकल्प पाळला. फक्त आवाज थोडा वाढवला.

जेवण गेलं नाही. वांग्यात तेल जास्त होतं.

६ जानेवारी

एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

मी भिवापूरचा. ऑफिसात लागलो त्याच दिवशी मधू लागला. तो महाल भागातल्या जुन्या घराण्यातला. मी शेतकऱ्याचा पोरगा, हातात मिरचीची पिशवी. दोघांना टेबल एकच मिळालं, मग डबाही एक झाला. आमच्या घरच्या मिरचीचा ठेचा खाऊन पहिल्या दिवशी त्याला उचकी लागली, ती साहेबांच्या केबिनपर्यंत ऐकू गेली. तरी रोज मागून खायचा. पुढे प्लॉटही एकमेकांजवळ घेतले, त्याने त्रिमूर्तीनगरात, मी प्रतापनगरात. सख्ख्या भावाशी बोललो नसेन एवढं त्याच्याशी बोललो.

मग चौऱ्याण्णव साली तो बंधुसभेत गेला. सदर भागात तो पिवळा बंगला आहे ना, तो त्यांचा. इंग्रजांच्या काळात इथल्या वकील-कारकुनांनी काढलेली सभा. सगळे एकमेकांना बंधू म्हणतात, खांद्यावर हिरव्या काठाचं पांढरं उपरणं घेतात, आणि दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी दार लावून बसतात. आत काय चालतं ते बायकोलाही सांगत नाहीत.

मला वाटलं, आता हा मला बोलावेल. नाही बोलावलं. महिना गेला, वर्ष गेलं. उलट दर दुसऱ्या शनिवारी सभेला जाताना माझ्या फाटकाशी स्कूटर थांबवायचा, उपरणं घालून, इंजिन चालूच. काही विचारायचं आहे का गा रुपराव, म्हणायचा. मी म्हणायचो, काही नाही. तरी थोडा थांबायचा, मग जायचा. शुद्ध दिखावा. भिवापूरच्या माणसाला दाखवायचं, की आम्ही कुठे बसतो आणि तू कुठे उभा आहेस.

एका शनिवारी मी त्याच्या तोंडावर फाटक लावून घेतलं. तेव्हापासून बोलणं बंद. मला फरक पडत नाही.

११ जानेवारी, दुसरा शनिवार

संध्याकाळी व्हरांड्यात बसलो. हवा चांगली होती म्हणून.

एक नोंद राहिली. फाटक लावल्यावरही तो दुसऱ्या शनिवारी थांबतच राहिला. पुढे कार घेतली तरी. फाटकाशी गाडी उभी करायचा, उतरायचा नाही, हॉर्न वाजवायचा नाही, मग निघून जायचा. हे मी पडद्याआडून पाहिलेलं आहे. योगायोगाने. दर महिन्याला.

आज एकच गाडी थांबली, ती कुरिअरवाल्याची. शेजाऱ्यांचं पार्सल होतं.

१५ जानेवारी

काल गोपिका एकटीच तिळगूळ घेऊन मधूकडे जाऊन आली. सुभद्रावहिनींनी, म्हणजे मधूच्या बायकोने, तिला दोन तास सोडलं नाही म्हणे. मधू पलंगावर आहे. बोलणं कळत नाही, एखादाच शब्द सुटतो. त्याने दाराकडे बोट केलं आणि रुपराव म्हणाला, असं गोपिकाचं म्हणणं. तिला ऐकू कमी येतं. तसं डॉक्टर म्हणत नाहीत, पण माझं निरीक्षण आहे.

आणखी एक निरीक्षण. या घरात माणसं दोन. दर उन्हाळ्यात भिवापूरहून मिरची येते, तिचं तिखट होतं, आणि दिवाळीपर्यंत संपतं. जातं कुठे एवढं? विचारलं तर म्हणाली, खाल्लं जाते. मी तर मधुमेही माणूस.

१८ जानेवारी

आज एक विचार सुचला. त्याचा मधूशी काही संबंध नाही.

मी बंधुसभेत जाणार. समाजसेवा म्हणून. माझ्यासारखा शिस्तीचा, सुपरिंटेंडेंट म्हणून रिटायर झालेला माणूस त्यांना हवाच असणार. आजवर मधू मध्ये आडवा असेल. आता तो घरी आहे, रस्ता मोकळा आहे.

कृती अशी. त्यांनी बोलवायचं. मी दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा नाइलाजाने हो. मग उपरणं मिळालं की ते घालून सरळ त्रिमूर्तीनगर. मधूच्या फाटकाशी अ‍ॅक्टिव्हा उभी करायची, इंजिन चालू ठेवायचं, आणि म्हणायचं, काही विचारायचं आहे का गा मधू? इतकंच. त्याला कळू दे कसं वाटतं ते. मग आत जाऊन चहा घेईन, आग्रह केला तर.

रात्री बऱ्याच दिवसांनी झोप चांगली लागली.

२१ जानेवारी

फिरण्याचा संकल्प सुरू. फिरण्यासाठी सदर निवडलं. गोपिका म्हणाली, फिराले सदरले गाडीनं काहून चालले? इथं बगीचा काय वाईट आहे? तिला मोकळ्या हवेचं महत्त्व कळत नाही.

पिवळ्या बंगल्यासमोरून अनेक फेऱ्या मारल्या. फाटकाशी दोनदा खोकलो. कोणी बाहेर आलं नाही. सभा फक्त शनिवारी असते हे लक्षात घ्यायला हवं होतं.

२ फेब्रुवारी

चौकशी केली. सभेचे सचिव ओमप्रकाशजी, सदरला त्यांचं चष्म्याचं दुकान. आज गेलो, डोळे तपासून घेतले. बोलता बोलता म्हणालो की आजकाल माणसाला बंधुभाव मिळत नाही. ते म्हणाले, हां भाऊसाहेब, सही बात. मी म्हणालो, वेळही भरपूर आहे माझ्याकडे. ते म्हणाले, अच्छा है, वाचन करा. मग माझ्याकडे बघतच राहिले. बोलावतील असं वाटलं. तर म्हणाले, काही विचारायचं होतं का?

यांना सगळ्यांना हे एकच वाक्य शिकवतात की काय? काही नाही म्हणालो आणि चष्म्याची ऑर्डर दिली. जुना चष्मा मागच्याच दिवाळीतला आहे. बिल गोपिकाच्या नावावर केलं, म्हणजे पुढेमागे तिचाच म्हणून सांगता येईल.

८ फेब्रुवारी, दुसरा शनिवार

संध्याकाळी सहज सदरला होतो. समोरच्या पानठेल्यावर उभा राहून पाहिलं. बंधू एकेक करून आत गेले, बहुतेक म्हातारे, एक तर दोघांच्या आधाराने. दार लागलं. थोड्या वेळाने बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याचा वास आला. म्हणजे हे रहस्य. तीस वर्षं यासाठी मी झुरलो, असं कोणी म्हणेल. मी झुरलो नाही.

निघताना बंगल्याच्या खिडकीकडे पाहिलं. आतून हजेरी घेतल्यासारखी नावं ऐकू येत होती. शब्द नीट लागले नाहीत.

१९ फेब्रुवारी

गोपिका परत जाऊन आली. मधू आणखी खंगला. सुभद्रावहिनी म्हणाल्या, दुसऱ्या शनिवारी सकाळीच तो उपरणं मागतो. आणून द्यावं लागतं. ते छातीवर धरून संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत राहतो.

मी म्हणालो, सवय. गोपिका आत गेली. स्वयंपाकघरात तिने भांडी जोरात घासली. मग बाहेर येऊन म्हणाली, तुमाले त्या सभेत जाचं आहे नं? मंग तोंडानं मागा नं एकदा. रडल्याबिगर माय तरी दूध पाजते का? मी म्हणालो, भोयर घराण्यात मागायची पद्धत नाही. ती म्हणाली, भोयर घराण्यात मले मांगाले कोन आलतं मंग? हा मुद्दा गैरलागू होता.

तिला सगळं कळलंय, हे आज कळलं. बोलली नाही इतके दिवस.

२५ फेब्रुवारी

आज जे झालं ते माझ्या योजनेनुसार नव्हतं. चष्मा परत करायला गेलो होतो, डोकं दुखतं म्हणून. ओमप्रकाशजींनी काचा पुसल्या, पुन्हा पाहिल्या, नंबर तो बराबर है भाऊ, म्हणाले, आणि पुन्हा तसेच बघत राहिले. माझा तोल गेला. दुकानात दोन गिऱ्हाइकं असताना मी म्हणालो, तुम्ही लोक मला सभेत का घेत नाही? माझ्यात काय कमी आहे? मला यायचं आहे.

ओमप्रकाशजी काउंटरमागून उठून बाहेर आले. माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, बस, हेच पाहिजे होतं. बहुत देर लगा दी रुपरावभाऊ. त्यांचे डोळे भरून आले होते. आपली कीर्ती इथवर पोचली आहे याचं मला नवल वाटलं. माझं नाव बिलावर पाहिलं असेल. बिल गोपिकाच्या नावावर होतं. असो.

मग त्यांनी सांगितलं, की सभेचा पहिला नियमच हा. कोणी कोणाला बोलवायचं नाही. बापाने पोराला नाही, मित्राने मित्राला नाही. माणसाने आपल्या मनाने, आपल्या तोंडाने मागायचं. आणि हा नियमही बाहेर सांगायचा नाही, कारण सांगितला की ते बोलावल्यासारखंच झालं. जास्तीत जास्त एवढंच विचारता येतं, की काही विचारायचं आहे का?

ते म्हणाले, आजच मधुसूदनला सांगतो, वो खुश हो जाएगा. मी म्हणालो, नाही. त्याला सांगायचं नाही. मी स्वतः सांगणार, उपरणं घालून. ते म्हणाले, बता दो ना भाऊ, त्याची तब्येत ठीक नाही. मी शब्द घेतला. नाइलाजाने दिला त्यांनी.

२६ फेब्रुवारी

कालच्या नियमावर विचार करायचा नाही. हा नवीन संकल्प.

२७ फेब्रुवारी

थोडा विचार झाला. नियम होता, ठीक आहे. पण इतकं काय त्या नियमाचं? एखाद्या दिवशी डोळा मारला असता तरी मला कळलं असतं. ऑफिसात मी नियमात बसवून लोकांची किती कामं करून दिली. मधूने मात्र नियम मोडला नाही. म्हणजे चूक त्याचीच.

साखर मोजत नाही सध्या.

९ मार्च, रविवार

सभेचे लोक घरी येऊन गेले, चौकशीची पद्धत असते. अध्यक्ष नानाजी, नव्वदीला टेकलेले, डोळ्यांनी जवळजवळ अधू. सोबत ओमप्रकाशजी. मी संत्रा बर्फी आणली होती, कोट घातला होता. नानाजींनी माझा हात हातात घेतला, चाचपला, आणि म्हणाले, असा आहे होय रुपराव. मला भाषणाची संधी मिळाली नाही.

दोनच प्रश्न त्यांनी विचारले. आमच्यापैकी कोणाशी ओळख आहे का गा? मी म्हणालो, नाही. कोणाशी भांडण? मी म्हणालो, कोणाशीच नाही. नानाजींनी माझा हात सोडला. ओमप्रकाशजींनी बर्फी खाली ठेवली. गोपिका दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मुलाखत उत्तम झाली.

१६ मार्च

पत्ता लागला मिरचीचा. गोपिका फोनवर सुभद्रावहिनींशी बोलत होती. यंदाचं तिखट झणझणीत आहे म्हणे. भाऊंना वरणात चिमूटभर टाकून दिलं तर दोन घास जास्त जातात. म्हणजे एवढी वर्षं माझ्या शेतातली मिरची मधूच्या घरी जात होती. माझ्या पाठीमागे. मी रागवायचं ठरवलं. मग विचारलं, उचकी लागते का त्याला अजून? गोपिका म्हणाली, लागते.

रागवायचं राहून गेलं.

३० मार्च, गुढीपाडवा

ओमप्रकाशजींचा फोन. मंजूर. १२ एप्रिल, दुसरा शनिवार, त्या दिवशी मला आत घेणार. नव्या बंधूने आपल्या गावचं काहीतरी जेवणासाठी आणायचं असतं. मी म्हणालो, भिवापुरी मिरची. ते हसले. म्हणाले, मालूम है.

गोपिकाने गुढीला नमस्कार केला आणि म्हणाली, आता आजच जा मधुभाऊकडे. सण आहे. मी म्हणालो, उपरणं कुठे आहे अजून? ती म्हणाली, उपरन्याले भेटाचं आहे का मानसाले? मी म्हणालो, एकदा ठरलं की ठरलं. बारा तारखेला रात्री. आणि तिनेही तिकडे तोंड उघडायचं नाही, अशी तिला माझी शपथ घातली. ती म्हणाली, शपथ कायले घालता असली? पण घेतली.

तिला सरप्राइज म्हणजे काय ते कळत नाही. मी रोज आरशासमोर वाक्य म्हणून पाहतो. काही विचारायचं आहे का गा मधू? गा जरा लांबवला की बरोबर मधूसारखं येतं.

६ एप्रिल, रविवार

सुभद्रावहिनींचा फोन होता. तो काही खात नाही. गोपिका लगेच गेली. मला म्हणाली, चला. मी म्हणालो, पुढे हो.

ती गेल्यावर घरात बसवेना. अ‍ॅक्टिव्हा काढली. पेट्रोल भरायचं होतं. पंप डावीकडे, मी उजवीकडे वळलो. मधूच्या फाटकाशी थांबलो. इंजिन चालूच ठेवलं. आतल्या खोलीत दिवा लागला होता, गोपिकाचा आवाज येत होता. मी वाट पाहिली, की कोणी पाहील, म्हणेल या भाऊजी आत. खिडकीतून कोणी पाहिलं नाही. हॉर्न वाजवणं बरं दिसलं नसतं.

उपरणं नसताना जाण्यात अर्थही नव्हता. परत आलो. पेट्रोल राहिलं.

९ एप्रिल, बुधवार

मधू गेला. पहाटे.

१० एप्रिल

काल पुढे लिहिता आलं नाही.

सभेचे सगळे बंधू आले होते, उपरणी घालून. त्यांची पद्धत आहे, बंधूला खांदा बंधूच देतात. नानाजींनाही खुर्चीवर बसवून आणलं होतं. मी फाटकाजवळ उभा होतो. अजून बंधू नव्हतो ना. पण मला वाटलं, कोणीतरी म्हणेल, रुपराव, ये, धर. ओमप्रकाशजींनी उचलताना माझ्याकडे पाहिलं, थांबले, पुष्कळ वेळ थांबले. मीही त्यांच्याकडे पाहिलं. आता मला नियम माहीत होता. मागायचं असतं. दोन शब्द होते, मला द्या.

नाही निघाले तोंडातून. ते उचलून चालायला लागले. मी अंबाझरी घाटापर्यंत मागून चालत गेलो.

घाटावर ओमप्रकाशजी जवळ आले. मी विचारलं, त्याला सांगितलं होतं का हो? ते म्हणाले, आपने मना किया था भाऊ. दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. घरी येऊन गोपिकाला विचारलं. ती म्हणाली, तुमची शपथ होती, नाही तं म्या सांगतलं असतं. अन् पदराने तोंड झाकून रडायला लागली.

तीस वर्षं ऑफिसात ऑर्डरी काढल्या, एकही कोणी धड पाळली नाही. ही एक सगळ्यांनी पाळली.

१२ एप्रिल, दुसरा शनिवार

जायचं नाही असं ठरवलं होतं. गोपिकाने मिरचीची पिशवी हातात दिली आणि फाटक उघडून उभी राहिली. म्हणाली, गेले नाही तं त्याईले काय तोंड दाखवसान? कोणाला ते तिने सांगितलं नाही.

आतलं बाहेर सांगायचं नाही अशी शपथ मी आज घेतली आहे. पण ही डायरी मी सोडून कोणी वाचत नाही, आणि मला कोणाला तरी सांगायचं आहे.

चपला बाहेर काढायच्या. बंद दार ठोठावायचं. आतून आवाज येतो, कोण आहे? मी नाव सांगितलं. आवाज येतो, कोणी बोलावलं? उत्तर पाठ करून दिलेलं असतं. कोणी बोलावलं नाही, मी माझ्या मनाने आलो. मी ते म्हणालो. दार उघडलं.

साधी खोली आहे. पंखे जुने. भिंतीलगत लाकडी खुर्च्या, प्रत्येकाची आपली. मला मधोमध उभं केलं. मग नानाजींनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, त्यांना सगळी तोंडपाठ आहे. एकेक नाव, एकेक हजर. मग म्हणाले, मधुसूदन सुभेदार. सगळे उठून उभे राहिले. खिडकीजवळची एक खुर्ची रिकामी होती. नानाजी म्हणाले, पुढे गेला. मला वाटलं आता बसतील. कोणी बसलं नाही.

नानाजींनी पुढचं नाव घेतलं. रुपराव भोयर.

नवा माणूस शेवटी येतो असा माझा समज. मी चपापून इकडेतिकडे पाहिलं. मधूच्या खुर्चीला लागून आणखी एक खुर्ची होती, तीही रिकामी, पण पुसून ठेवलेली. ओमप्रकाशजी हळूच म्हणाले, की बंधूला कोणाला बोलावता येत नाही. पण एका माणसासाठी तो आपल्या शेजारी खुर्ची धरून ठेवू शकतो. मग दर सभेला त्या माणसाचंही नाव हजेरीत घेतात, आणि ज्याने खुर्ची धरली त्याने उठून त्याच्या वतीने उत्तर द्यायचं असतं. मधुसूदनने पहिल्याच वर्षी तुमचं नाव दिलं. लोक म्हणायचे, सोड आता, दुसऱ्या कोणाला बसू दे. त्याने सोडलं नाही. एकही सभा त्याने चुकवली नाही, या जानेवारीपर्यंत. दर वेळी तुमचं नाव आलं की उठायचा आणि म्हणायचा, वाटेत आहे.

जानेवारीपासून ते उत्तर ओमप्रकाशजी देत होते.

सगळे माझ्याकडे पाहत उभे होते. मी हजर म्हणालो. नानाजींनी कान पुढे केला. म्हणाले, आवाज नाही आला गा, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. माझ्या खांद्यावर उपरणं घातलं आणि मला त्या खुर्चीवर बसवलं. डावीकडे मधूची खुर्ची. ऑफिसातही तो डावीकडेच बसायचा.

नंतर पाटोडी-रस्सा झाला, माझ्या मिरचीचा. सगळे म्हणाले, काय झणका आहे. डोळ्यांतून पाणी तिखटामुळे आलं असं लिहिणार होतो. पण रस्सा मी घेतलाच नाही.

मधू, मला तुझ्याशिवाय करमलं नाही रे. एक दिवसही नाही.

घरी आलो. फाटकाशी गाडी उभी केली, तो करायचा त्या जागी. इंजिन चालूच होतं. उतरावंसं वाटेना. गोपिका व्हरांड्यातून पाहत होती, मग खाली आली. उपरण्याची घडी खांद्यावर सारखी केली. म्हणाली, काई सांगाचं आहे का?

मी म्हणालो, काही नाही.

ती थोडी थांबली. मग हात पुढे करून तिने किल्ली फिरवली आणि गाडी बंद केली.